वेबपत्त्याचा अर्थ आणि प्रणालींची स्थलांतरक्षमता : सीजीआय ते सर्व्हलेट (१९९३–२००९)

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा यंत्रे आणि त्यांचे निर्माते यांच्याभोवती फिरत राहते. मानकांचा, म्हणजेच सर्वांनी पाळावयाच्या लिखित नियमांचा, इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत निबंधात अशाच एका नियमाचा मागोवा घेतला आहे. वेबपत्ता सर्व्हरपर्यंत पोहोचल्यावर त्याचा कोणता भाग सर्व्हरने वाचावयाचा व कोणता प्रणालीने, हा तो प्रश्न होय. एका सर्व्हरसाठी लिहिलेली प्रणाली दुसऱ्यावर चालेल की नाही, हे पुष्कळ अंशी याच उत्तरावर अवलंबून असते.

सीजीआयची वाटणी :

सुरुवातीच्या वेब सर्व्हरवर पत्ता म्हणजे बहुतेक वेळा डिस्कवरील फाइलीचा मार्गच असे. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रातील सर्व्हरच्या निमित्ताने सीजीआय हा संकेत पुढे आला. त्याने पत्त्याचे दोन भाग केले. उदाहरणार्थ, ‘/यादी/मराठी/कथा’ या पत्त्यात ‘/यादी’ हा प्रोग्राम असेल, तर तेवढा भाग ‘स्क्रिप्ट नेम’ व उरलेला ‘/मराठी/कथा’ हा ‘पाथ इन्फो’ ठरतो. वाटणी साधी आहे. परंतु ती दीर्घकाळ अनौपचारिक दस्तऐवजांच्याच आधारे चालली. आरएफसी ३८७५ या क्रमांकाने तिचे व्यवस्थित लेखन झाले ते ऑक्टोबर २००४ मध्ये, आणि तेही ‘माहितीपर’ या वर्गात. दरम्यान प्रत्येक सर्व्हरने आपापला अर्थ लावला होता. मायक्रोसॉफ्टचा आयआयएस सर्व्हर ‘पाथ इन्फो’मध्ये स्क्रिप्टचे नावही पुन्हा देत असे. परिणामी, अन्यत्र नीट चालणारा प्रोग्राम तेथे आणला की स्वतःचेच नाव विषय म्हणून वाचू लागे.

आणखी एक अडचण नियमातच होती. ‘पाथ इन्फो’ संकेतमुक्त करून दिला जातो. त्यामुळे मजकुरातील तिरकी रेघ आणि मार्गाचे भाग पाडणारी तिरकी रेघ यांतील भेद पुसला जातो. हा दोष कोणत्याही एका सर्व्हरचा म्हणता येणार नाही.

सूचनेकडून सक्तीकडे :

‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ ही सन कंपनीची जावाविषयीची घोषणा सुपरिचित आहे. तथापि सर्व्हलेटच्या आरंभीच्या आवृत्त्यांत पत्ते जुळविण्याच्या पद्धती केवळ सुचविलेल्या होत्या; सर्व्हरला बरीच मोकळीक होती. १९९९ च्या २.२ या आवृत्तीने ही मोकळीक काढून घेतली. प्रथम तंतोतंत जुळणी, मग सर्वांत लांब उपसर्ग, त्यानंतर फाइलीचे विस्तारनाम आणि शेवटी मूलभूत सर्व्हलेट, असा क्रम तिने सक्तीचा केला. माझ्या मते या मानकाच्या इतिहासातील खरा टप्पा हाच. याच आवृत्तीने प्रणालीला बांधलेल्या गठ्ठ्याचे रूप व स्वतःचा ‘संदर्भमार्ग’ दिला. म्हणजे तीच प्रणाली एका ठिकाणी मुळाशी, तर दुसरीकडे ‘/ग्रंथालय’खाली ठेवता येऊ लागली. अर्थात, प्रणालीत ‘/शोध’ असा दुवा थेट लिहून ठेवला असेल तर स्थलांतर होताच तो तुटतो. तेथे मानकाचा काही इलाज चालत नाही.

सक्ती आली तरी वाचनातील चूक संपली नाही. ‘/’ आणि ‘/*’ ही चिन्हे विद्यार्थ्यांना आजही सारखीच वाटतात. पहिले सर्वांत शेवटी विचारात घेतले जाते. दुसरे उपसर्ग असल्याने विस्तारनामाच्या आधी येते आणि जेएसपी पानांसह सर्व काही आपल्याकडे ओढून घेते. अशा सर्व्हलेटने मागणी एखाद्या जेएसपी पानाकडे सोपविली, की ती फिरून त्याच्याचकडे परत येते.

पायथनच्या जगात डिसेंबर २००३ मध्ये फिलिप ईबी यांनी मांडलेल्या डब्ल्यूएसजीआय प्रस्तावाने सीजीआयची हीच दोन नावे स्वीकारली. प्रणाली मुळाशी असल्यास ‘स्क्रिप्ट नेम’ रिकामे राहू शकते, हेही त्यात नमूद आहे. सर्व्हलेटच्या नियमांत मात्र केवळ मुखपृष्ठाचा पत्ता दर्शविणारे चिन्ह नव्हते, कारण ‘/’ हे चिन्ह मूलभूत सर्व्हलेटसाठी आधीच खर्ची पडले होते. त्यासाठी रिकाम्या अक्षरमालेचा नमुना दाखल झाला तो २००९ च्या ३.० या आवृत्तीत, सक्तीच्या नियमांनंतर दहा वर्षांनी.