शिंदीखाना

शिंदीच्या झाडाची (फीनिक्स सिल्व्हेस्ट्रिस) आंबलेली ताजी ताडी विकण्याचे व तिथेच बसून पिण्याचे दुकान. हैदराबाद संस्थानात ‘सेंधी’ हा शब्द रूढ होता. सारा मराठवाडा १९४८ पर्यंत या संस्थानात असल्याने येथील शिंदीखाने निजामाच्या आबकारी व्यवस्थेत (पहा : आबकारी) मोडत. आबकारी हा सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग होता.

शेंड्याजवळ खोडाला खाच पाडून संध्याकाळी मडके बांधतात व पहाटे उतरवतात. दरवर्षी खाच आलटून पालटून विरुद्ध बाजूंना पाडल्यामुळे जुन्या झाडाचे खोड नागमोडी दिसते. पहाटेचा रस गोड असतो (पहा : नीरा), ऊन चढते तसा हवेतल्या व मडक्यातल्या यीस्टमुळे तो फेसाळतो, दुपारपर्यंत आंबट व मादक होतो. मडक्याला आतून चुना लावल्यास आंबणे लांबते. हे पेय जिवंत असते, साठवता येत नाही. म्हणून दुकान झाडांजवळच लागते. ब्रिटनमधील पबात पिंपातच आंबत राहणारी एल (पहा : बिअर) याच गुणामुळे शिंदीची जवळची नातलग ठरते. या एलच्या रक्षणासाठी तेथे १९७१ मध्ये ग्राहकांची चळवळ उभी राहिली.

मराठवाड्यात इतिहास उलट दिशेने गेला. हैदराबाद मुक्तिसंग्रामात (पहा : रामानंद तीर्थ, स्वामी) स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहींनी १९४७-४८ मध्ये निजामाचा महसूल तोडण्यासाठी शिंदीची झाडे तोडली. शिंदीखान्याचे खरे ऐतिहासिक महत्त्व या लढ्यात आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली.