ध्वनिपरिणाम, संगणकीय : दोषशोधनाचा इतिहास

गायन, वादन वा भाषण यांच्या ध्वनीत अनुरणन (ध्वनी थांबल्यावरही काही काळ घुमत राहणारा नाद), प्रतिध्वनी, स्वररंगातील बदल इ. गुण हेतुपुरस्सर निर्माण करणे यास ध्वनिपरिणाम साधणे असे म्हणतात. पूर्वी हे कार्य खोल्या, फिती व विद्युत् मंडले यांच्याकडून होई. आता ते बव्हंशी संगणकाच्या आज्ञावलीकडून होते. एकाच बोर्डावर सामावलेल्या लहान संगणकावर अशी आज्ञावली चालविताना ध्वनी तुटणे, कडकडणे वा उशिरा येणे हे दोष उद्‌भवतात. त्यांच्या शोधाची पद्धत ध्वनितंत्राच्या दीर्घ वाटचालीतून घडली आहे.

पूर्वेतिहास : बोलपटाच्या प्रारंभकाळी दोषाचे मूळ बहुधा परिसरात असे. मुंबईच्या इंपीरियल फिल्म कंपनीचा आलम आरा (१९३१) हा पहिला भारतीय बोलपट. जवळच्या आगगाड्यांचा आवाज टाळण्यासाठी त्याचे चित्रीकरण मुख्यतः रात्री करावे लागले. चित्र व ध्वनी एकाच फितीवर मुद्रित होत असल्याने दिग्दर्शक आर्देशिर इराणी यांना मागाहून दुरुस्ती करण्यास फारसा वाव नव्हता. पुढे ध्वनी स्वतंत्र फितीवर घेतला जाऊ लागला व दोष सवडीने सुधारता येऊ लागले. अनुरणनासाठी प्रथम रिकाम्या खोल्या व नंतर टांगलेले पोलादी पत्रे वापरात आले. जर्मनीतील ईएमटी कंपनीचे १९५७ मधील पत्र्याचे उपकरण विशेष प्रसिद्ध आहे.

संगणकाचा प्रवेश : १९५७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाद्वारे संगीतध्वनी निर्माण केला. तेथीलच मानफ्रेट श्रोडर यांनी १९६१-६२ मध्ये केवळ गणिताने अनुरणन साधण्याची रीत मांडली. त्या काळी गणितास प्रत्यक्ष ध्वनीच्या कालावधीहून कितीतरी अधिक वेळ लागे. पण समोर श्रोता खोळंबलेला नसल्यामुळे तो दोष मानला जात नसे. तत्क्षणी अनुरणन साधणारी अंकीय उपकरणे १९७६ च्या सुमारास आली. अशा उपकरणांत अचूकतेइतकेच वेळेला महत्त्व आले. उत्तर बरोबर असूनही उशिरा आले, तर ते चुकीचेच ठरते.

लहान संगणक : ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१२ मध्ये विक्रीस आलेल्या रास्पबेरी पायच्या ‘बी’ प्रतिमानाची किंमत ३५ डॉलर होती. त्यास ध्वनी आत घेण्याची सोय नव्हती. त्यामुळे यूएसबीवरील बाह्य जोडणी आवश्यक ठरली. प्रारंभीच्या प्रतिमानांत जाळ्याची तार व यूएसबी यांची वाहतूक एकाच मार्गाने होई. दोन्हींचा भार एकदम आल्यास ध्वनी तुटण्याचा संभव असे. २०१९ मधील चौथ्या प्रतिमानात हे मार्ग वेगळे झाले.

दोषांची कारणे : संगणक ध्वनीचे नमुने गटागटाने हाताळतो. या गटाच्या साठ्यास बफर म्हणतात. दर सेकंदास ४८,००० नमुने व १२८ नमुन्यांचा बफर असल्यास प्रत्येक गटाचे गणित सु. २·७ मिलिसेकंदांत संपावे लागते. ते न संपल्यास ध्वनीत खंड पडून ‘कट्’ असा आवाज येतो. बफर १,०२४ नमुन्यांचा केल्यास मुदत सु. २१ मिलिसेकंद होते व खंड टळतात. मात्र आत येताना व बाहेर जाताना मिळून विलंब ४० मिलिसेकंदांवर जातो. एवढ्या वेळात हवेतील ध्वनी सु. १४ मी. अंतर कापतो. स्वतःचा आवाज इतका मागे ऐकू आल्यास गायकास लय सांभाळणे कठीण जाते.

दोषशोधनाची पद्धत : प्रथम सर्व परिणाम बंद करून ध्वनी जसाच्या तसा पुढे जाऊ द्यावा. दोष तरीही राहिल्यास तो तारा, जोडणी वा वीजपुरवठा यांत असण्याचा संभव अधिक. नाहीसा झाल्यास गणिताच्या भारात. नंतर बफर तात्पुरता वाढवावा. कडकड थांबल्यास कारण वेळेचे. न थांबल्यास ध्वनीची पातळी मर्यादेबाहेर गेली आहे काय, हे पाहावे. अखंड गुणगुण बहुधा ५० हर्ट्‌झच्या वीजप्रवाहाची व सदोष भूसंपर्काची निदर्शक असते. काही प्रक्रियकांवर अनुरणन विरत जाताना अतिसूक्ष्म संख्यांचे गणित मंदावते. तेथे दोष शांततेतच प्रकटतो. दाब ५ व्होल्टवरून सु. ४·६ व्होल्टपर्यंत उतरल्यास वा तापमान सु. ८०° से. पर्यंत चढल्यास रास्पबेरी पायचा प्रक्रियक आपला वेग कमी करतो. एका वेळी एकच बदल करून त्याची नोंद ठेवणे, हा या पद्धतीचा पाया होय.

ठरलेल्या मुदतीत काम होण्याची हमी देणारे बदल लिनक्ससाठी अनेक वर्षे वेगळ्या पुरवणीच्या रूपात उपलब्ध होते. २०२४ मधील ६·१२ या आवृत्तीत ते मूळ गाभ्यात समाविष्ट झाले. तथापि आज्ञावली सुधारली, तरी उन्हाळा व विजेचा दाब यांवर तिची सत्ता नाही. परभणी जिल्ह्यातील वालूरसारख्या गावी सप्ताहातील कीर्तनास असे स्वस्त साधन वापरावयाचे झाल्यास स्थिर वीजपुरवठा, हवेशीर पेटी व आदल्या दिवशीची चाचणी यांना आज्ञावलीइतकेच महत्त्व राहील. कारण रंगलेले कीर्तन दुरुस्तीसाठी थांबत नाही. १९३१ मधील ध्वनिमुद्रकाप्रमाणे येथेही दोषाचा बंदोबस्त आधीच करावा लागतो.