ख्रिस्ती अंत्यविधी : दफन आणि दहन

मृत ख्रिस्ती व्यक्तीचा देह मातीत पुरावा की अग्नीला द्यावा, याविषयीची निरनिराळ्या पंथांची मते व नियम. सुमारे एकोणीस शतके दफन हीच सर्वमान्य रीत होती. आज बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांत दहनाला आडकाठी नाही. रोमन कॅथलिक चर्च १९६३ पासून काही अटींवर ते चालवून घेते. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्च सामान्यतः ते नाकारते.

शास्त्राधार : बायबलमध्ये दहनाची आज्ञा नाही, तसा स्पष्ट निषेधही नाही. अब्राहामाने सारेला पुरण्यासाठी ४०० शेकेल रुपे मोजून मकपेलाची गुहा विकत घेतली. येशूचा देह खडकात खोदलेल्या कबरीत ठेवला गेला. पौलाने पुनरुत्थान समजावताना पेरलेल्या दाण्याचा दृष्टान्त दिला (१ करिंथ १५). दफनाचे समर्थक हे दाखले देतात. उलट याबेश-गिलादच्या लोकांनी शौल व त्याच्या मुलांचे देह जाळून अस्थी पुरल्या (१ शमुवेल ३१), त्याबद्दल त्यांना दोष दिलेला नाही. अदोमच्या राजाची हाडे जाळणाऱ्या मवाबचा आमोसने धिक्कार केला आहे, पण तो शत्रूच्या विटंबनेचा. आधार दोन्हीकडे तोकडे असल्याने निकाल परंपरेवरच होत आला.

आरंभकाळ : रोममध्ये दहन रूढ असताना ख्रिस्ती लोक यहुदी रीतीप्रमाणे देह पुरत. नगराबाहेरची भुयारी दफनस्थाने (कॅटॅकोम) याची साक्ष देतात. इ. स. १७७ मध्ये ल्योंच्या हुतात्म्यांचे देह जाळून राख ऱ्होन नदीत टाकण्यात आली. त्यांना पुनरुत्थानाची आशा उरू नये हा हेतू होता, असे युसेबियसच्या इतिहासात आले आहे. मिनुसियस फेलिक्सच्या ‘ऑक्टेव्हियस’ या संवादग्रंथातला ख्रिस्ती वक्ता मात्र सांगतो, की अग्नीने आमचे काही बिघडते म्हणून नव्हे, तर जुनी व अधिक चांगली रीत म्हणून आम्ही पुरतो. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ सूत्र येथे आहे. अग्नी देवाचे हात बांधतो असे जबाबदार ख्रिस्ती धर्मशास्त्र्यांनी सहसा म्हटलेले नाही. आक्षेप होता तो अग्नी कोण आणि कशासाठी देतो याला.

आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेनने जिंकलेल्या सॅक्सनांसाठी केलेल्या कायद्यात, जुन्या दैवतांच्या रीतीने प्रेत जाळणाऱ्यास देहान्ताची शिक्षा होती. मध्ययुगात अग्नी पाखंड्यांच्या वाट्याला आला. यान हुस याला १४१५ मध्ये जिवंत जाळले, तर जॉन विक्लिफची हाडे १४२८ मध्ये उकरून जाळली व राख स्विफ्ट नदीत टाकली.

रोमन कॅथलिक चर्च : आधुनिक दहनाची चळवळ इटलीत जोर धरू लागली. ब्रुनेत्ती या इटालियन प्राध्यापकाने १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात आपली दहनभट्टी मांडली. १८७६ मध्ये मिलानला दहनगृह सुरू झाले. पोपची ऐहिक सत्ता नुकतीच गेली होती आणि चळवळीच्या पुढाऱ्यांत फ्रीमेसन व चर्चविरोधक बरेच होते. १९ मे १८८६ रोजी होली ऑफिसने (श्रद्धाविषयक बाबी पाहणाऱ्या रोमच्या कार्यालयाने) दहनसंस्थांत सामील होणे आणि स्वतःच्या किंवा इतरांच्या देहाच्या दहनाची आज्ञा देणे निषिद्ध ठरवले. दहनाने पुनरुत्थान अडते म्हणून चर्चने बंदी घातली, असे सर्रास वाचायला मिळते. या आदेशाचा रोख मात्र त्या मंडळींवर आणि मूर्तिपूजकांची रीत पुन्हा आणण्याच्या त्यांच्या खटपटीवर आहे. डिसेंबरमधल्या दुसऱ्या आदेशाने बारीक भेद केला : स्वेच्छेने दहन ठरवून मरेपर्यंत त्यावर ठाम राहणाऱ्यास चर्चचे दफन नाही, दहन इतरांच्या मर्जीने होत असेल तर घरी व चर्चमध्ये विधी करता येतील, दहनस्थानी नाही.

१९१७ च्या धर्मसंहितेने (कलमे १२०३ व १२४०) हीच बंदी कायम करून, मृत्युपत्रात दहनाची इच्छा असली तरी ती पाळू नये असे सांगितले. १९६३ च्या सूचनापत्राने ती सैल केली : दफनच श्रेयस्कर, पण दहन श्रद्धेच्या द्वेषातून निवडलेले नसेल तर धर्मविधी नाकारू नयेत. १९६९ च्या नव्या विधिग्रंथानुसार दहनस्थानीही प्रार्थना करता येऊ लागल्या. १९८३ च्या संहितेतील कलम ११७६ मध्ये तेच आले. केरळातील सिरो-मलबार व सिरो-मलंकार चर्चना लागू असलेल्या १९९० च्या पौर्वात्य संहितेत कलम ८७६ पाहावे.

२०१६ च्या ‘आद रेसुर्जेंदुम कुम क्रिस्तो’ या सूचनापत्राने राखेकडे लक्ष वळवले. राख पवित्र स्थळी ठेवावी. हवेत, जमिनीवर वा पाण्यात विखरू नये. कुटुंबीयांत वाटू नये. दागिन्यांत भरू नये. अगदी अपवाद वगळता घरी ठेवू नये. नदीत अस्थिविसर्जनाची वाट भारतीय कॅथलिकांना त्यामुळे बंद आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बोलोन्याचे कार्डिनल झुप्पी यांच्या प्रश्नाला उत्तर देताना, अनेकांची राख एकत्र ठेवणारी सामाईक पवित्र जागा आणि मृताला प्रिय असलेल्या ठिकाणी राखेचा अल्पसा अंश, या दोन सवलती देण्यात आल्या.

प्रॉटेस्टंट पंथ : इंग्लंडमध्ये १८७४ साली लिंकनचे बिशप वर्ड्‌सवर्थ यांनी दहनाविरुद्ध प्रवचन दिले, तर मँचेस्टरचे बिशप फ्रेझर यांनी देवाला माती आणि राख सारखीच अशी बाजू घेतली. वोकिंगला १८८५ मध्ये पहिले दहन झाले. कायदा १९०२ मध्ये आला. कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांचे १९४४ मध्ये दहन झाल्यावर वाद जवळपास संपला. पेंटेकॉस्टल मंडळ्यांत एकवाक्यता नाही.

ऑर्थोडॉक्स चर्च : मॉस्कोत सोव्हिएत सरकारने १९२७ मध्ये दोन्स्कोय मठाच्या आवारातच दहनगृह उघडले, दहन आणि नास्तिकता यांची सांगड तेथे पक्की झाली. ग्रीसमध्ये २००६ च्या कायद्याने मुभा मिळाली, पण पहिले दहनगृह रित्सोना येथे २०१९ मध्ये सुरू झाले. जपानमध्ये देशाची रीत म्हणून अपवाद मानला जातो.

भारत : येथे दहन ही बहुसंख्य शेजाऱ्यांची रीत असल्याने दफन ही ख्रिस्ती समाजाची ओळख ठरली. अपवाद आहेत. ब्रह्मबांधव उपाध्याय यांचा १९०७ मध्ये कोलकात्यात हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाला; अखेरीस ते कॅथलिक राहिले होते का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. राजकुमारी अमृत कौर ख्रिस्ती होत्या. १९६४ मध्ये त्यांचे दहन शीख रीतीने झाले.

आता प्रश्न मुख्यतः जागेचा आहे. मुंबई-गोव्यातील दफनभूमींत काही वर्षांनी कबर उघडून हाडे भिंतीतल्या कोनाड्यात हलवतात आणि तीच कबर पुन्हा वापरतात. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोविडने मृत झालेल्या सर्वधर्मीयांचे दहन करण्याचे परिपत्रक काढले व त्याच दिवशी मागे घेतले. केरळात आलप्पुळाच्या लॅटिन धर्मप्रांताने मात्र त्या जुलैत अशा मृतांचे दहन चर्चच्या दफनभूमीतच करून राख पुरण्यास मुभा दिली. किनाऱ्यालगत भूजल इतके वर असते, की नियमात सांगितलेला खोल खड्डा खणताच पाणी लागे. बस्तरमधील छिंदवाडा गावात पाळकाचा देह गावातच पुरू देण्यावरून वाद झाला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे त्यावर एकमत झाले नाही. देह तीन आठवडे शवागारात असल्याने, सुमारे वीस किलोमीटरवरील ख्रिस्ती दफनभूमीत तो पुरण्याचा आदेश त्यांनी दिला.