180 बाय 50

कंपनीनं दिलं तेच खरं आणि बाहेरून बसवलं ते कामचलाऊ, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. पुण्याच्या नाना पेठेत गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवणाऱ्या घरात मी वाढले, आज तेच काम करते, आणि या समजुतीशी माझं रोजचं भांडण आहे. 2012ची वॅगनआर घेऊन आलेलं गिऱ्हाईक अवघडून विचारतं, "ताई, हिच्यात फोन जोडता येईल का? की गाडीच बदलू?" इंजिन ठणठणीत, पत्रा शाबूत, एसी गार. नाही काय, तर समोर नकाशा दाखवणारा स्क्रीन. तेवढ्यासाठी गाडी विकायला निघालेल्या माणसाला मला सांगावंसं वाटतं की अहो, गाडीत आवाज आला तोच मुळी बाहेरून.

1930 साली शिकागोच्या पॉल गॅल्व्हिननं आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनासाठी तो अटलांटिक सिटीला गेला. आत त्याचा स्टॉल नव्हता. त्यानं गाडी बाहेरच उभी केली, आवाज मोठा केला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून ऐकवला. तो रेडिओ मोटोरोला. गाडी घेतल्यानंतर वेगळे पैसे मोजून बसवून घ्यायची ती वस्तू होती, आणि पैसे थोडेथोडके नव्हते: 110 ते 130 डॉलर, म्हणजे त्या वेळच्या साध्या फोर्ड गाडीच्या किमतीचा सुमारे पाचवा हिस्सा. दोनच वर्षांनी जर्मनीत ब्लाउपुंक्टचा गाडीचा रेडिओ आला. त्याची पेटी एवढी मोठी की ती ड्रायव्हरपासून दूर ठेवून बटणं तेवढी स्टिअरिंगच्या दांड्यावर आणली होती. रेडिओनं ड्रायव्हरचं लक्ष विचलित होईल, त्यावर बंदी घाला, अशी मागणीही अमेरिकेत तेव्हाच झाली होती. आज स्क्रीनबद्दल तेच बोलणं ऐकते, आणि त्यात तथ्य आहे असंच मला वाटतं. त्याकडे पुढे येते.

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, हात बसला तो फियाट आणि अँबेसेडरवर. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून आलेली बहुतेक गाडी रेडिओविनाच घरी यायची. मग डॅशखाली लोखंडी पट्टी मारून रेडिओ टांगायचा, मडगार्डला भोक पाडून एरियल उभी करायची आणि ते भोक गंजू नये म्हणून रबराचा वायसर नीट दाबायचा. घरातल्या रेडिओप्रमाणे पोस्टातून लायसन्सही काढावं लागे. ती भानगड 1980च्या दशकाच्या मध्यावर संपली. पण खरी कसोटी असायची ती इंजिनाच्या आवाजाची. प्लगची प्रत्येक ठिणगी मीडियम वेव्हवर ऐकू येते. अण्णा रेडिओ लावून गाडी न्यूट्रलला ठेवायचे आणि हळूहळू रेस वाढवायचे. रेससोबत घुंई असा आवाज चढत गेला तर दोष डायनामोचा, तिथे कंडेन्सर लावायचा. नुसती तडतड आली तर दोष प्लगचा, तिथे वायरीत रेझिस्टर घालायचा. कान हेच त्यांचं मीटर होतं. 1967 साली विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून, आणि गाडीत रेडिओ हवा म्हणणारी आमची माणसं मुंबई-पुणे पट्ट्यातलीच होती. त्यांची एकच तक्रार कुणाला सोडवता आली नाही: खंडाळ्याच्या घाटात गाणं बुडायचं.

कॅसेटनं तो प्रश्न मिटवला. फिलिप्सनं ती 1963 साली बर्लिनच्या प्रदर्शनात आणली होती, पण आपल्या गाड्यांत तिचं राज्य आलं ते मारुतीबरोबर. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली, मध्यमवर्गाच्या दारात गाडी उभी राहिली, आणि ती घेतल्यावर पहिल्या रविवारी माणूस दोन ठिकाणी जायचा: देवाला आणि आमच्याकडे. टेप, दारांत दोन स्पीकर, पैसे असतील तर मागच्या शेल्फवर सिक्स बाय नाइनची जोडी. ट्रकवाल्यांची तऱ्हा वेगळी. 24 व्होल्टच्या गाडीत 12 व्होल्टचा टेप चालवायचा म्हणजे मध्ये कन्व्हर्टर हवा. तो न लावता दोनपैकी एकाच बॅटरीवरून लाइन घेतली की ती बॅटरी लवकर बसते. हे अण्णा प्रत्येक ड्रायव्हरला सांगायचे.

त्या काळातली जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते ती म्हणजे एक माप. 180 मिलिमीटर रुंद, 50 मिलिमीटर उंच. जर्मनीच्या डीआयएन या मानक संस्थेनं टेपच्या खाचेचं हे माप ठरवलं आणि पुढे ते आयएसओ 7736 म्हणून जगभर गेलं. आमच्या गल्लीत त्याला सिंगल डिन म्हणतात. उंची दुप्पट, म्हणजे 100 मिलिमीटर झाली की डबल डिन. टोयोटा थोडी वेगळी, तिची खाच 200 मिलिमीटर रुंद, म्हणून तिला बाजूच्या पट्ट्या लागतात. या मापानं किती मोठं काम केलं याची जाणीव गाडीवाल्यांना सहसा नसते. जपानमध्ये बनलेला टेप गुरगावात बनलेल्या गाडीत बसतो आणि तो नाना पेठेतली एक बाई बसवते, यासाठी कुणाला कुणाची परवानगी लागत नाही. गाडी पंधरा वर्षं चालते आणि आवाजाचं यंत्र पाच वर्षांत जुनं होतं. ते पुन्हा पुन्हा बदलता यावं म्हणून ही खाच आहे.

खाचेबरोबर वायरींचे रंगही ठरले. पिवळी कायम चालू, मेमरीची. लाल किल्लीवरची. काळी अर्थ. पांढरी-करडी पुढच्या स्पीकरची, हिरवी-जांभळी मागच्या, आणि काळी रेघ असेल ती उणे. पिवळी आणि लाल उलटी लागली तर किल्ली काढली की घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात. दोन्ही एकत्र करून थेट बॅटरीला दिल्या तर टेप कधी पूर्ण झोपतच नाही, आणि आठवडाभर उभी गाडी सोमवारी सुरू होत नाही. बॅटरीवाल्याला शिव्या घालणाऱ्या कितीतरी लोकांचा दोष मी या दोन वायरींत शोधून दिला आहे.

फोनची गोष्टही याच खाचेत सुरू झाली, आणि ती कॅसेटच्याच रूपात. आत फीत नसलेली, शेपटीला वायर असलेली कॅसेट टेपमध्ये सरकवायची, वायरीचं टोक आयपॉडला किंवा फोनला लावायचं. फीत वाचणाऱ्या हेडसमोर या कॅसेटमधलं छोटं हेड चुंबकीय लहरी उमटवतं आणि टेपला वाटतं गाणं फितीवरच आहे. मला आजही ही युक्ती फार सुंदर वाटते. त्यानंतर सिगारेट लायटरच्या खोबणीत बसणारे एफएम ट्रान्समीटर आले. एक्सप्रेसवेवर ते छान चालायचे. शहर जवळ आलं आणि खासगी एफएम स्टेशनांची गर्दी सुरू झाली की आपलं गाणं दुसऱ्याच्या जाहिरातीखाली दबायचं. मग ऑक्सची पिन, मग यूएसबी, मग ब्लूटूथ. ब्लूटूथनं कॉल आणि गाणी दोन्ही बिनवायरीची केली, पण नकाशा मात्र फोनवरच राहिला. आणि फोन काचेला चिकटवलेल्या रबराच्या वाटीत, उन्हानं तापलेला, खड्ड्यात निसटून पायाशी पडणारा.

ॲपलनं कारप्ले 2014च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात दाखवलं. गुगलचं अँड्रॉइड ऑटो 2015च्या मार्चमध्ये सुरू झालं, आणि ते आधी आलं पायोनियरच्या बाहेरून बसवायच्या सेटवर. ह्युंदाईची सोनाटा ते घेऊन मागाहून आली. 1930 सालचाच हा क्रम.

या दोन्हींच्या रचनेत एक मोठं शहाणपण आहे. नकाशा काढणं, रस्ता शोधणं, आवाज ओळखणं हे सगळं काम फोन करतो. तयार चित्र तो व्हिडिओच्या रूपात स्क्रीनकडे पाठवतो, स्क्रीनवर बोट लागलं की त्याची खबर फोनकडे परत जाते. स्क्रीननं फक्त दाखवायचं, ऐकवायचं आणि बोटाची जागा कळवायची. म्हणून फोन बदलला की गाडीतलं सगळंच नवं होतं. जुन्या वॅगनआरमध्ये आणि कालच शोरूममधून आलेल्या गाडीत नकाशा तोच, तितकाच ताजा.

बसवायचं काम आता नाजूक झालं आहे. प्लॅस्टिकच्या पट्टीनं फ्रेमच्या क्लिपा एकेक उचलायच्या. इथे स्क्रू ड्रायव्हर घातला की डॅशवर कायमचा चरा. जुना टेप ओढून मागचा कपलर सोडवायचा आणि त्याला जुळणारा तयार हार्नेस लावायचा. मूळ कपलर आमच्या दुकानात कापला जात नाही, ही अण्णांच्या वेळची शिस्त. माइकची बारीक वायर दाराच्या रबराखालून, काचेच्या खांबातून वर न्यायची, म्हणजे बोलणं स्वच्छ जातं. जीपीएसचा चौकोनी ठोकळा डॅशच्या वरच्या अंगाला, धातूखाली न झाकता. यूएसबीची वायर ग्लोव्ह बॉक्समध्ये. स्टिअरिंगवर बटणं असतील तर जुन्या गाड्यांत प्रत्येक बटणाला वेगळ्या मापाचा रेझिस्टर असतो. बटण दाबून धरायचं आणि नव्या सेटला एकेक शिकवायचं. कॅमेऱ्याची लाइन रिव्हर्सच्या दिव्यावरून. आणि परत येणाऱ्या तक्रारींत मी सगळ्यात आधी गाडी नाही, केबल तपासते. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार वायरी असतात, दोन चार्जिंगच्या, दोन माहितीच्या. काही स्वस्त केबलमध्ये माहितीच्या दोन नसतातच. फोन चार्ज होत राहतो, स्क्रीन मात्र कोरा.

एक वायर मी कधीही खोटी लावत नाही: हँडब्रेकची. ती अर्थला टेकली की सेटला वाटतं गाडी उभी आहे आणि तो चित्रपट दाखवू लागतो. "ताई, ती तेवढी कायमची अर्थ करून द्या, पोरं पिक्चर बघतील," असं सांगणारे पुष्कळ. पोरं मागे बसतात, स्क्रीन ड्रायव्हरच्या समोर असतो. या एका गोष्टीवरून गिऱ्हाईक उठून गेलं तर जाऊ द्यावं, आणि या धंद्यात येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हेच सांगते. बाहेरच्या फिटरचं नाव खराब होतं ते अशा वायरींमुळे, कारागिरी कमी पडते म्हणून नाही.

आता मला खरी काळजी आहे ती खाचेची. नव्या गाड्यांत ती बुजत चालली आहे. स्क्रीन डॅशच्या घडणीतच मिसळलेला, त्याच्यातच एसी, त्याच्यातच कॅमेरा आणि गाडीच्या सेटिंग. बॉशनं 1986 साली आणलेल्या कॅन या पद्धतीनं आता बटणंसुद्धा दोन वायरींवरून सांकेतिक निरोप पाठवतात, आणि ते उकलायला प्रत्येक मॉडेलचा वेगळा डबा लागतो. काही गाड्यांत तो मिळतो, काहींत नाही. जनरल मोटर्सनं तर 2023 साली जाहीर केलं की पुढच्या विजेच्या गाड्यांत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो देणार नाही, सगळं गाडीतच बसवलेलं असेल. मला हा निर्णय गिऱ्हाइकाच्या विरोधातला वाटतो. दहा वर्षांनी त्या स्क्रीनचं सॉफ्टवेअर कोण सांभाळणार? आणि तो बंद पडला तर एसीसुद्धा हाताला येणार नाही.

बाहेरून जोडायची वाट मात्र अजून पूर्ण बंद झालेली नाही. ज्या गाडीत अँड्रॉइड ऑटो केबलवर चालतं, तिथे यूएसबीत बसणारा एक छोटा डबा लावला की केबल सुटते: ओळख ब्लूटूथवर पटते आणि चित्र वायफायवरून जातं. 2022 साली आलेल्या अशाच एका डब्याचं नाव मोटोरोला एमए1. बनवणारी मंडळी वेगळी, नाव गॅल्व्हिनच्या रेडिओचंच.

तेव्हा गाडी चांगली असेल तर स्क्रीनसाठी विकू नका. सेट बसवताना मूळ कपलर कापू देऊ नका, काढलेला टेप आणि फ्रेम घरी न्या, जपून ठेवा. आणि नवी गाडी घ्यायला जाल तेव्हा रंग आणि मायलेज विचारून झालं की विक्रेत्याला आणखी एक विचारा: हा स्क्रीन दहा वर्षांनी बाहेरून बदलता येईल का? उत्तर लेखी मागा.