काशीचे घर, कलकत्त्यात : बन्सी चंद्रगुप्त यांचे नेपथ्य

(१)
सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) या चित्रपटात हरिहरचे कुटुंब काशीतील एका जुन्या घरात बिऱ्हाड करून राहते. मधोमध चौक, चारी बाजूंना खोल्या आणि वरून उतरणारा मंद, थंड उजेड. चित्रपटातील घाट खरे आहेत, गल्ल्या खऱ्या आहेत. तो चौक मात्र काशीतला नव्हे. तो कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला होता आणि उभारणारे कलादिग्दर्शक होते बन्सी चंद्रगुप्त.

(२)
बंगालची घरे पडद्यावर ज्यांनी इतक्या विश्वासाने मांडली ते बन्सीबाबू बंगाली नव्हते. जन्म १९२४ चा, सियालकोटचा. वाढले काश्मीरमध्ये. व्हायचे होते चित्रकार. टागोर घराण्यातील चित्रकार शुभो टागोर यांच्याशी ओळख झाली आणि त्यांच्या बोलावण्यावरून हा तरुण १९४० च्या दशकात कलकत्त्यास आला. परक्या शहरात, परक्या भाषेत त्याने आयुष्याची सुरुवात केली. त्यांच्या कलेचे मर्म शोधायचे तर ते या परकेपणात शोधावे लागते.

(३)
त्या काळचे चित्रपटीय नेपथ्य कसे होते, हे आधी ध्यानात घ्यावे. आपल्याकडे चित्रपटाने रंगभूमीचे रंगवलेले पडदे वारसाहक्काने घेतले. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ते बाजूला सारून लांबी, रुंदी, खोली असलेली दृश्यरचना आणली, हे त्यांचे मोठे कार्य. पण पुढे बोलपट स्टुडिओत स्थिरावला आणि लाकूड-प्लास्टरच्या सेटलाही एक साचा आला. प्रशस्त दिवाणखाना, गोल जिना, गुळगुळीत भिंती. त्या घरात कोणी राहते आहे, असे वाटत नसे. भिंतीला तेलकट हाताचा डाग नसे, उंबरठा झिजलेला नसे.

(४)
१९४७ मध्ये ‘कलकत्ता फिल्म सोसायटी’ स्थापन झाली. राय आणि चिदानंद दासगुप्त यांच्यासोबत बन्सीबाबूही त्या मंडळीत होते. पाठोपाठ फ्रेंच दिग्दर्शक जाँ रन्वार ‘द रिव्हर’च्या चित्रीकरणासाठी बंगालमध्ये आले. त्यांचे नेपथ्यकार युजीन लूरिए यांच्या हाताखाली बन्सीबाबूंनी काम केले. ‘ला ग्राँद इल्युजन’चे नेपथ्य करणाऱ्या माणसाकडून त्यांना नेपथ्याचा पहिला पाठ मिळाला.

(५)
‘पथेर पांचाली’ (१९५५) हा त्यापुढचा टप्पा. कलकत्त्यालगतच्या बोडाल गावातील एक पडके घर निवडून ते चित्रीकरणाजोगे केले गेले. दिवसाची दृश्ये तेथे टिपली. रात्रीची दृश्ये मात्र स्टुडिओत करावी लागली. म्हणजे तेच ओसरीचे पोपडे, तीच ओल, तेच जुने लाकूड दुसऱ्या जागी हुबेहूब आणायचे. पैशांची चणचण अशी की काम वारंवार थांबे आणि निर्मिती काही वर्षे रेंगाळली. तरीही खरे घर कोठे संपते आणि उभारलेले कोठे सुरू होते, हे प्रेक्षकाला उमगत नाही.

(६)
आता पुन्हा काशीच्या चौकाकडे वळू. पावसाळ्याच्या धास्तीने हे चित्रीकरण स्टुडिओत घ्यायचे ठरले. अडचण होती ती उजेडाची. खऱ्या चौकात उजेड आकाशातून येतो; तो पसरलेला असतो आणि त्याची सावली जवळजवळ पडत नाही. स्टुडिओतील दिवे मात्र धारदार सावल्या पाडतात. छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटच्या माथ्यावर पांढरे कापड ताणून लावले आणि दिव्यांचा झोत खालून त्यावर टाकला. कापडावरून परतणारा उजेड आकाशाचा भासला. या युक्तीची चर्चा आजही होते आणि ते योग्यच आहे. मात्र असा मऊ उजेड काहीच लपवत नाही. भिंत खोटी असती तर तिचा खोटेपणा याच उजेडात प्रथम उघडा पडला असता. भिंत टिकली म्हणून उजेड टिकला.

(७)
‘जलसाघर’ (१९५८) साठी मुर्शिदाबाद जिल्ह्यातील निमतीता येथील जमीनदारवाडा मिळाला. पण ज्या दालनावरून चित्रपटाचे नाव पडले, ते संगीताचे दालन स्टुडिओत बांधले गेले. ‘चारुलता’ (१९६४) मध्ये तर घर हेच अर्धे कथानक आहे. एकोणिसाव्या शतकातील सुखवस्तू बंगाली कुटुंब. बाहेरच्या अंगाला नवऱ्याचे वर्तमानपत्र, आतल्या अंगाला बायकोचा एकांत. हातात दुर्बीण घेऊन चारू एका खिडकीच्या झडपांतून दुसरीकडे जाते आणि रस्त्यावरचे जग पाहते. खोल्यांची मांडणी चुकली असती, तर तिची कोंडी संवादांतून सांगावी लागली असती. येथे ती सांगावीच लागत नाही.

(८)
‘नायक’ (१९६६) चा बहुतांश भाग दिल्लीला निघालेल्या आगगाडीत घडतो. ते डबे सेटवरचे. ‘गूपी गाइन बाघा बाइन’ (१९६९) मध्ये दोन राजांच्या परीकथेतील दरबार. ‘पथेर पांचाली’पासून १९७० पर्यंतची रायांची वाटचाल बन्सीबाबूंच्या सोबतीने झाली. खेडे, राजवाडा, डबा, दरबार. प्रत्येक जागा निराळी.

(९)
हे परक्या माणसाला कसे साधले? घरचा माणूस घरातील वस्तू पाहत नाही, तो त्या वापरतो. आपल्या स्वयंपाकघरातील खुंटी कोणत्या उंचीवर आहे, हे आपल्याला चटकन सांगता येणार नाही. हात मात्र अंधारातही तेथे जातो. परका माणूस ती खुंटी पाहतो, मोजतो, तिच्याखाली भिंतीवर पडलेला घासटा टिपतो. बन्सीबाबूंनी बंगाल असा पाहून पाहून आत्मसात केला, असे त्यांचे काम पाहताना वाटते.

(१०)
१९७० नंतर त्यांचे कार्यक्षेत्र मुंबई झाले. कुमार शहानी यांचा ‘माया दर्पण’, अवतार कौल यांचा ‘२७ डाउन’ अशा नव्या वाटेच्या चित्रपटांना त्यांचा हात लागला. सोबत व्यावसायिक चित्रपटही केले. फिल्मफेअरचा कलादिग्दर्शनाचा पुरस्कार त्यांना प्रथम मिळाला तो ‘सीमा’साठी आणि नंतर ‘दो झूट’साठी. हे चित्रपट आज कितीजणांना आठवतात? ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) च्या निमित्ताने ते रायांकडे परतले आणि १८५६ चे लखनौ उभे केले.

(११)
मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे असे त्यांचे काम म्हणजे ‘चक्र’. जयवंत दळवींच्या कादंबरीवर रवींद्र धर्मराज यांनी केलेला हा हिंदी चित्रपट. स्मिता पाटील, नसीरुद्दीन शाह आणि मुंबईची झोपडपट्टी. पत्रा, फळकुटे, प्लास्टिक यांची घरे बांधताना नेपथ्यकारापुढे दोन मोह असतात : दारिद्र्य सुंदर करण्याचा आणि ते किळसवाणे करण्याचा. दळवींची माणसे त्या खोपटात संसार मांडतात; म्हणून खोपटे राहण्याजोगे दिसले पाहिजे. शिवाय तेथील रहिवासीही बाहेरगावाहून आलेले, हाताला लागेल त्यातून घर करणारे. सियालकोटहून निघालेल्या या कलावंताला ते जग अगदीच अनोळखी नसावे.

(१२)
त्याच सुमारास अपर्णा सेन यांच्या ‘३६ चौरंगी लेन’साठी त्यांनी एकाकी अँग्लो-इंडियन शिक्षिकेचे घरही साकारले. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत असताना त्यांचा अचानक मृत्यू झाला. ‘चक्र’साठीचा फिल्मफेअर पुरस्कार त्यानंतर जाहीर झाला.

(१३)
नटाचे काम लक्षात राहिले तर ते यश. नेपथ्यकाराचे उलट आहे. त्याचे काम लक्षात आले, तर बहुधा काहीतरी चुकलेले असते. त्यामुळे चित्रपटाचा इतिहास लिहिताना ही माणसे सहज गळतात आणि श्रेय दिग्दर्शकाच्या नावे जमा होते. ‘अपराजितो’ पुन्हा पाहाल, तेव्हा क्षणभर माणसांवरून नजर काढून त्या चौकाच्या भिंतींकडे पाहा. श्रेयनामावलीतील एक नाव तेथे आपल्याला भेटेल.