सुरुंगाची दारू आणि प्रणोदक

पिरनवाडीहून खानापूर रस्त्याने बेळगावात शिरून किल्ल्याच्या खंदकाशी उभे राहिले, म्हणजे ‘प्रणोदक’ या शब्दाची कथा तेथूनच आरंभिता येते. इ. स. १४७२-७३ च्या सुमारास बहमनी वजीर महमूद गावान याने या किल्ल्यास वेढा घातला. खंदक बुजविण्याचा त्याचा उद्योग किल्लेकऱ्यांनी हाणून पाडला. तेव्हा तटाखाली सुरुंग खणून त्यांत दारू ठासण्यात आली आणि तटास खिंडारे पडली. ही युक्ती दख्खनेत तोवर अपरिचित होती, असे फरिश्ता लिहितो.

शोरा, गंधक व कोळसा यांची ही दारू पेटली की क्षणार्धात तप्त वायू उत्पन्न होतात. सुरुंगात त्यांस वाट नसते, म्हणून ते तट फोडतात. तोफेच्या नळीचे एकच तोंड मोकळे असते, म्हणून ते गोळ्यास पुढे लोटतात. जुन्या मराठी फौजांतील ‘बाणां’त वायू मागे सुटत व बाण पुढे धावे. तोफेत व बाणात दारू प्रणोदक ठरते. ‘नुद्’ म्हणजे ढकलणे, हा त्या शब्दाचा धातू.

सामान्य इंधन बाहेरच्या हवेवर जळते. दारूत मात्र शोराच प्राणवायू पुरवितो. आजच्या अग्निबाणांत द्रव्ये निराळी, तत्त्व तेच. म्हणूनच ते निर्वात अंतराळातही चालतात. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन घन प्रणोदक असते. वायूस मोकळी वाट ठेवली, तर तीच शक्ती तट न फोडता उपग्रह वाहून नेते.