जळका आंबा आणि बंगीचा कुत्रा

आजोळच्या घरामागून नदीकडे जाणाऱ्या पायवाटेवर एक आंबा होता. एका अंगाला हिरवागार, दुसऱ्या अंगाला नुसता कोळसा. सगळे त्याला 'जळका आंबा' म्हणायचे आणि तिन्हीसांजेनंतर आम्हा पोरांना कुणी त्या बाजूला फिरकू द्यायचं नाही. कारण तिथे रेडा उभा असायचा. साधा नव्हे, मेलेला. त्याच्या गळ्यातली घंटा ऐकू आली तरी मागे वळून बघायचं नाही, अशी आजीची सक्त ताकीद होती.

मला तेव्हाही एक कोडं पडायचं. आजीकडे भुतांची जंत्रीच होती. सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा, बाळंतपणात गेली ती हडळ, शिवाय खवीस, गिऱ्हा वगैरे मंडळी. यातली बहुतेक आधी माणसंच होती आणि प्रत्येकाचं काहीतरी राहून गेलेलं होतं. कुणाचं लग्न, कुणाचं मूल, कुणाची जमीन. पण रेड्याची कसली वासना राहणार? पेंढ्याची? मी आजीला विचारलंही होतं. तिने फक्त "जास्त बोलू नको" एवढंच सांगितलं.

इतक्या वर्षांनी ते कोडं पुन्हा वर आलं ते इंग्लंडमधल्या एका कुत्र्यामुळे. गेले काही महिने प्राण्यांच्या भुतांबद्दल हाती लागेल ते वाचतोय आणि त्यात या कुत्र्याने मला अक्षरशः धरून ठेवलं.

तर गोष्ट अशी. इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यात वेव्हनी नदीच्या काठी बंगी नावाचं गाव आहे. ४ ऑगस्ट १५७७, रविवार. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला सेंट मेरी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना भयंकर वादळ आलं. अंधारून आलं, विजा कडाडायला लागल्या. आणि त्या विजांच्या उजेडात लोकांना चर्चमध्ये एक काळा कुत्रा धावताना दिसला म्हणे. गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या दोघांच्या मधून तो गेला आणि एका क्षणात दोघांच्याही माना पिरगळल्या गेल्या. तिसऱ्या एकाच्या पाठीला त्याने असा काही चावा घेतला की तो माणूस आगीत धरलेल्या कातड्यासारखा आक्रसला (हा मात्र जगला). चर्चच्या घड्याळाच्या तारा आणि चाकं पिळवटून निघाली. मग तो कुत्रा सुमारे २० किलोमीटरवरच्या ब्लाइब्रा गावच्या चर्चमध्ये प्रकटला आणि तिथेही त्याने दोन माणसं आणि एक पोरगा मारला. ब्लाइब्राच्या चर्चच्या दारावर आजही काळे जळके ओरखडे आहेत. लोक त्यांना सैतानाच्या बोटांचे ठसे म्हणतात.

हे सगळं आपल्याला कळतं ते एका पुस्तिकेमुळे. त्याच वर्षी लंडनमध्ये एब्रहॅम फ्लेमिंग नावाच्या लेखकाने ती छापली. त्या काळात अशा पुस्तिका धडाधड निघत. धूमकेतू, विचित्र वासरं, पूर, वादळं, काहीही घडलं की चार पानं छापायची आणि शेवटी तात्पर्य सांगायचं: देव कोपला आहे, पश्चात्ताप करा. फ्लेमिंगचं तात्पर्यही तेच. तो कुत्र्याला भूत म्हणत नाही, कुत्र्याच्या रूपातला सैतान म्हणतो.

आता यातली गंमत बघा. बंगीच्या चर्चचे स्वतःचे कागद शिल्लक आहेत. चर्चच्या हिशेबवहीत त्या दिवशीच्या वादळाचं वर्णन आहे. अंधार, पाऊस, गारा, गडगडाट, सगळं आहे. कुत्रा नाही. मृतांच्या नोंदवहीत दोन नावं आहेत: जॉन फुलर आणि अ‍ॅडम वॉकर. रविवारी, प्रार्थनेच्या वेळी, घंटाघरात, वादळात गेले. इथेही कुत्रा नाही. शिवाय ही माणसं खाली गुडघे टेकून बसलेली नव्हती, वर घंटाघरात होती. गावातली सगळ्यात उंच इमारत, त्यातही तिचा मनोरा. वीज कुठे पडणार हे आज शाळकरी पोरगंही सांगेल. पण बेंजामिन फ्रँकलिनचा विद्युतनिवारक यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती.

याहून मोठी गंमत पुढे आहे. १५८७ साली हॉलिनशेडच्या प्रसिद्ध बखरींची दुसरी आवृत्ती निघाली. शेक्सपिअरने आपल्या ऐतिहासिक नाटकांसाठी जी वापरली तीच ही. तिच्यात ब्लाइब्राच्या वादळाची हकिगत आली आहे. वीज भिंत फोडून आत शिरली, वीसहून जास्त माणसं खाली कोसळली, एक माणूस आणि एक पंधरा वर्षांचा मुलगा मेला, इतर होरपळले. मग ते वादळ बंगीच्या दिशेने गेलं. सरळ, कोरडी हकिगत. कुत्र्याचा मागमूस नाही. आणि या आवृत्तीच्या मुख्य संपादकांपैकी एक कोण? एब्रहॅम फ्लेमिंग!

म्हणजे कुत्रा सोडणारा तोच आणि दहा वर्षांनी कुत्र्याशिवायची हकिगत छापणाराही तोच. पुस्तिकेत एक, बखरीत एक. त्याला लबाड म्हणावं असं मात्र मला वाटत नाही. पूर्व इंग्लंडात काळ्या कुत्र्याच्या गोष्टी लोकांच्या तोंडी असतील, भेदरलेल्या माणसांना विजेच्या लखलखाटात काहीतरी धावताना दिसलंही असेल. पण दोन्हींपैकी टिकलं काय? बखरीतली वीज कुणाला आठवत नाही. कुत्रा मात्र मेला नाही.

पुढे त्याला नावही मिळालं. १८५० साली एका पाद्र्याने 'नोट्स अँड क्वेरीज' या नियतकालिकात नॉरफोकमधल्या 'शक' नावाच्या कुत्र्याबद्दल लिहिलं. केसाळ, काळा, प्रचंड, डोळे निखाऱ्यासारखे, मध्यरात्री स्मशानांतून हिंडणारा. (हा शक आपल्या शालिवाहन शकातला नव्हे. जुन्या इंग्रजीत राक्षसाला 'स्कुक्का' म्हणत, त्यावरून हे नाव आलं असावं असं एक मत आहे.) मग बंगीचा कुत्रा आणि हा शक लोकांच्या डोक्यात एकच झाले. १९०१ साली कॉनन डॉयल नॉरफोकच्या किनाऱ्यावर क्रोमरला आपल्या मित्राबरोबर राहिला होता. तिथल्या गप्पांतून त्याला एका भुताळी कुत्र्याची कल्पना मिळाली आणि त्यातून 'बास्करव्हिल्सचा कुत्रा' जन्माला आला, फक्त त्याने तो डार्टमूरच्या माळावर नेऊन सोडला. बंगी गावाने तर त्याला मानचिन्हावरच घेतलं. बाजारपेठेत १९३३ साली वातकुक्कुट बसवला त्यावर कुक्कुट नाहीच, विजेवर धावणारा काळा कुत्रा आहे! गावच्या फुटबॉल संघाचं टोपणनावही 'ब्लॅक डॉग्ज'. २०१४ साली जवळच्या लेस्टन मठाच्या अवशेषांत एका मोठ्या कुत्र्याचा सांगाडा मिळाल्याची बातमी आली तेव्हा वर्तमानपत्रांनी लगेच 'हाच का तो शक?' असे मथळे दिले. बिचारा कुणाचा तरी लाडका शिकारी कुत्रा असेल.

फुलर आणि वॉकर यांच्या नावाचा संघ नाही.

इथपर्यंत वाचल्यावर मला राग आला होता. दोन माणसं कामावर असताना किंवा प्रार्थना करताना विजेने गेली आणि चार शतकं मिरवतोय कोण, तर कुत्रा. पण पुढे वाचताना आणखी एक गोष्ट सापडली आणि राग जरा निवळला.

उत्तर इंग्लंडात, विशेषतः यॉर्कशरकडे, एक समजूत होती. नव्या स्मशानात जो पहिला पुरला जाईल त्याच्या आत्म्याला सुटका नाही. त्याने कायम तिथे थांबून इतर मृतांची राखण करायची. आता ही शिक्षा आपल्या माणसाला कोण देणार? म्हणून माणसाच्या आधी तिथे एक काळा कुत्रा पुरायचा. मग माणसं सुखाने पुढे जातात आणि कुत्रा मागे राहतो, पहाऱ्याला. त्याला 'चर्च ग्रिम' म्हणतात. डेन्मार्क-स्वीडनकडे हेच काम कोकराकडे असतं. आणि लिंकनशरमध्ये एथेल रडकिन या बाईंनी लोकांकडून काळ्या कुत्र्याच्या हकिगती गोळा करून १९३८ साली छापल्या. त्यांतला कुत्रा तर बहुतेक वेळा कुणाला काही करतच नाही. रात्री एकट्या चालणाऱ्या बाईच्या बाजूने निमूट चालतो आणि घर जवळ आलं की नाहीसा होतो. बाईंनी स्वतःही तो पाहिल्याचं सांगितलं आहे.

म्हणजे प्राण्याची वासना राहिलेली नसतेच. माणसाच्या वाट्याचं काहीतरी त्याच्या गळ्यात घातलेलं असतं. कधी भीती, कधी पाप, कधी पहारा.

हे डोक्यात घोळत असताना मी मामाला फोन केला आणि जळक्या आंब्याबद्दल विचारलं. मामा आता ऐंशीच्या पुढे आहे. आधी हसला, मग जरा वेळ गप्प बसला. म्हणाला, "अरे, तिथे वीज पडली होती ना. मी लहान होतो. मृगाच्या तोंडाशी. आपला गडी रेडा घेऊन नदीवरून येत होता. पाऊस आला म्हणून आंब्याखाली थांबला. दोघेही जागेवर गेले."

दोघेही. मी आयुष्यभर फक्त रेड्याचंच ऐकलं होतं.

"मग गड्याबद्दल कुणी का बोलायचं नाही?" मी विचारलं. मामा म्हणाला, "त्याची बायको-पोरं गावातच होती रे. रोज त्याच वाटेने पाण्याला जायची. तिच्या नवऱ्याचं भूत झालं असं कोण म्हणणार?"

आजीच्या "जास्त बोलू नको"चा अर्थ मला त्या दिवशी कळला. पोरांनी झाडाखाली जाऊ नये एवढं तर सांगायचं होतं आणि त्या बाईला दुखवायचंही नव्हतं. मग उभं राहायचं काम रेड्याकडे आलं. माणूस सुटला.

सुटला खरा, पण असा सुटला की त्याचं नावच गेलं. मामाला ते आठवत नाही. बंगीच्या दोघांची नावं मला साडेचारशे वर्षांपूर्वीच्या वहीतून मिळतात आणि आमच्या घरी राबणाऱ्या माणसाचं नाव आमच्यापैकी कुणाला ठाऊक नाही. आमच्या घरात गाईम्हशींची नावं मात्र आजही सांगितली जातात.

आंबा कधीच पडला, तिथे आता डांबरी रस्ता आहे. हे वाचणाऱ्या मावश्या, मामेभावंडं यांच्यापैकी कुणाला त्या गड्याचं नाव माहीत असेल, किंवा त्याची मुलं पुढे कुठे गेली ते ठाऊक असेल, तर मला जरूर कळवा. रेड्याची गोष्ट मी माझ्या मुलीला सांगणारच आहे. ती सांगताना नावही सांगता आलं तर बरं होईल.